शंकू प्रक्षेपणातील निर्देशक-रूपांतर

भारताच्या जुन्या सर्वेक्षण-जालकाचे विभाग लँबर्टच्या अनुरूप शंकू प्रक्षेपणावर आखलेले आहेत. १५° ते २१° उत्तर अक्षांशांमधील तिसऱ्या विभागाची मध्यरेषा ८०° पूर्व, तर त्याच्या उत्तरेकडील ‘दोन-अ’ विभागाची ७४° पूर्व आहे. ही सीमा अकोला जिल्ह्यातूनच जाते, बाळापूर (२०.६७° उ., ७६.७७° पू.) दक्षिणेस, अकोट उत्तरेस.

टर्मिनलवर ‘प्रोज’ या मुक्त संगणकप्रणालीची ‘सीएस२सीएस’ ही आज्ञा वापरून ईपीएसजी ४३२६ मधून २४३८१ मध्ये रूपांतर केल्यास बाळापूरचा पूर्वांक सुमारे २४ लाख मीटर येतो. विभाग चुकून २४३७९ दिल्यास तो ३० लाखांवर जातो आणि आज्ञा कोणतीही सूचना देत नाही. प्रोजच्या सहाव्या आवृत्तीपासून ४३२६ साठी अक्षांश आधी लिहावा लागतो. जुन्या सवयीने रेखांश आधी लिहिल्यास बाळापूर थेट स्वालबार्डजवळच्या समुद्रात गणले जाते.