समुद्राखालचा ज्वालामुखी फुटला टोंगात, माणसं बुडाली पेरूत! लाट एवढ्या लांब जाते तरी कशी?

१५ जानेवारी २०२२. आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजले होते. त्याच वेळी प्रशांत महासागरातल्या टोंगा या छोट्या देशात संध्याकाळचे सव्वापाच झाले होते. राजधानी नुकुआलोफापासून साधारण ६५ किलोमीटरवर समुद्रात असलेला 'हुंगा टोंगा-हुंगा हापाई' नावाचा ज्वालामुखी फुटला. आवाज एवढा मोठा होता की तो जवळपास दहा हजार किलोमीटरवरच्या अलास्कात ऐकू गेला.

टोंगाच्या काही बेटांवर १५ मीटरपर्यंत उंच लाटा आल्या. म्हणजे चार-पाच मजली इमारतीएवढं पाणी. मांगो नावाच्या बेटावरची सगळी घरं वाहून गेली. तरीसुद्धा टोंगात मरण पावलेल्यांचा आकडा चारच्या आसपास राहिला. आणि तिकडे दहा हजार किलोमीटरवर, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, दोन महिला किनाऱ्यावर बुडून गेल्या. तिथं लाट टोंगातल्यापेक्षा कितीतरी लहान होती.

जवळची माणसं वाचली आणि लांबची गेली, हे कसं काय? समजून घेऊया.

पाण्यात आग कशी लागते?

पाण्यानं आग विझते, मग समुद्राखाली ज्वालामुखी कसा पेटतो, असा प्रश्न पडतो. ज्वालामुखी म्हणजे लाकूड जळतं तशी आग नाही. जमिनीच्या पोटात वितळलेला खडक असतो, त्याचं तापमान हजार अंशांच्या आसपास असतं. जमिनीला फट मिळाली की तो वर येतो. पृथ्वीवरचे बरेचसे ज्वालामुखी समुद्राच्या तळाशीच आहेत.

तापलेल्या तव्यावर पाण्याचा हबका मारला की चर्र आवाज होतो, पाणी उडतं. कारण पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची वाफ झाली तर तिला दीड हजार लिटरहून जास्त जागा लागते. आता तव्याच्या जागी डोंगराएवढा तापलेला खडक आणि हबक्याच्या जागी समुद्र धरा. वाफेला जायला जागा नसते, म्हणून स्फोट होतो.

ज्वालामुखी खूप खोल असेल तर वरच्या पाण्याचं वजनच त्याला दाबून ठेवतं, स्फोट फारसा होत नाही. हुंगा टोंगाचं तोंड मात्र पाण्याखाली जेमतेम दीडशे मीटरवर होतं. दाबायला पाणी कमी आणि वाफ व्हायला भरपूर! राख आणि वाफेचा खांब ५७ किलोमीटर उंच गेला. आपण बघतो ती प्रवासी विमानं दहा-बारा किलोमीटरवरून उडतात, यावरून अंदाज करा.

लाट कशी तयार झाली?

त्सुनामी हा जपानी शब्द आहे, अर्थ 'बंदरातली लाट'. वाऱ्यानं येणारी रोजची लाट समुद्राचं वरवरचं पाणी हलवते. त्सुनामीत तळापासून वरपर्यंतचं सगळं पाणी हलतं.

टोंगात पाणी हलायला दोन मोठी कारणं झाली.

पहिलं कारण म्हणजे ज्वालामुखीच्या पोटातला माल बाहेर पडला आणि आतली पोकळी खाली बसली. नंतर शास्त्रज्ञांनी मोजलं, तेव्हा दीडशे मीटरवर असलेला तळ साडेआठशे मीटर खोल गेला होता. स्फोटाचा धक्का आणि एवढी मोठी उलथापालथ, यामुळं आजूबाजूचं पाणी उसळलं. टोंगाच्या बेटांवर आलेल्या मोठ्या लाटा याच.

दुसरं कारण वेगळं आहे. बशीतला चहा फुंकला की चहावर लाट उठते आणि पलीकडच्या कडेला जाते. चहाला कुणी हात लावलेला नसतो, फक्त हवेनं ढकललेलं असतं. टोंगात स्फोटामुळं हवेच्या दाबाची एक प्रचंड लाट निघाली. ताशी सुमारे ११०० किलोमीटर वेगानं ती सगळ्या पृथ्वीवर पसरली आणि पृथ्वीला अनेक फेऱ्या मारून आली. जगभरच्या हवामान केंद्रांतल्या यंत्रांवर तिची नोंद झाली. टोंगा आपल्यापासून साडेबारा हजार किलोमीटरहून लांब आहे. हिशोब मांडला तर ही लाट त्याच दिवशी रात्री नऊच्या सुमारास महाराष्ट्रावरून गेली. आपल्याला काही कळलं नाही, कारण दाबातला फरक फार थोडा होता.

समुद्राला मात्र तेवढा धक्का पुरला. झोक्यावर बसलेल्या पोराला योग्य वेळी हलका धक्का देत राहिलं की झोका उंच जातो. खोल समुद्रात पाण्याची लाट आणि हवेची लाट यांचे वेग जवळ आले की असंच होतं. हवा पाण्याला पुढं पुढं ढकलत राहते. हवेला जमीन आडवी येत नाही. त्यामुळं प्रशांत महासागराचा संबंध नसलेल्या कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रातसुद्धा त्या दिवशी पाणी वरखाली झाल्याच्या नोंदी आहेत.

एवढ्या लांब जाऊनही जोर का टिकतो?

चार किलोमीटर खोल समुद्रात त्सुनामीचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास असतो. तिथं तिची उंची कमी असते. बोटीतल्या माणसाला ती खालून गेल्याचं कळतसुद्धा नाही. तळापासूनचं पाणी एकत्र हलत असल्यानं वाटेत ताकद फारशी खर्च होत नाही.

खरा धोका किनाऱ्याला. पाणी उथळ झालं की लाटेचा वेग ताशी ३०-४० किलोमीटरवर येतो. हायवेवर पुढच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला की मागच्या गाड्या एकमेकांवर चढतात, तसं मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि लाट उंच होते. शिवाय ती एक नसते. एकामागून एक अशा लाटा कित्येक तास येत राहतात, आणि पहिली लाट सगळ्यात मोठी असेलच असं नाही.

मग टोंगा वाचलं कसं?

हा ज्वालामुखी अचानक जागा झाला नव्हता. २० डिसेंबर २०२१ पासून तो धुमसत होता. १४ जानेवारीला, म्हणजे मोठ्या स्फोटाच्या आदल्या दिवशी, एक स्फोट झाला तेव्हाच टोंगात त्सुनामीचा इशारा दिला गेला होता. लोक सावध होते. दुसऱ्या दिवशी धडाका ऐकल्यावर अनेकांनी कुणाच्या फोनची वाट बघितली नाही. मिळेल त्या वाटेनं ते उंचावर पळाले.

देशाचं नुकसान मात्र मोठं झालं. पावसाचं पाणी साठवायच्या टाक्यांत राख पडली. समुद्राखालून गेलेली केबल तुटली आणि टोंगाचं इंटरनेट जवळपास पाच आठवडे बंद होतं. मोठ्या संकटात मोबाइल चालेलच असं धरून चालता येत नाही, हे इथं दिसलं.

पेरूत काय चुकलं?

टोंगाहून निघालेल्या लाटेला पेरूपर्यंत पोचायला बारा तासांहून जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात किनारे सहज रिकामे करता आले असते. शेजारच्या चिली आणि इक्वेडोरनं लोकांना सावध केलं. पेरूच्या यंत्रणेनं मात्र त्सुनामीचा इशारा दिला नाही. उन्हाळ्याचे दिवस, शनिवार, माणसं समुद्रावर. लांबायेके प्रांतातल्या किनाऱ्यावर दोन महिलांचा जीव गेला. राजधानी लिमाजवळ तेल उतरवत असलेल्या जहाजापाशी गळती होऊन हजारो बॅरल तेल समुद्रात गेलं आणि मच्छिमारांचा धंदा बसला.

जपानसारखा तयारीचा देशही त्या रात्री गोंधळला. आधी तिथल्या हवामान खात्यानं नुकसानीची भीती नाही असं सांगितलं. पण हवेनं ढकललेल्या लाटा हिशोबापेक्षा दोन तासांहून आधी पोचल्या, आणि मध्यरात्रीनंतर दोन लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित जागी जायला सांगावं लागलं.

याचं कारण असं की जगातल्या बहुतेक त्सुनामी समुद्राखालच्या भूकंपानं येतात. म्हणून इशारा देणारी यंत्रणा भूकंपाच्या मापावर उभी आहे. भूकंप मोठा झाला की घंटा वाजते. ज्वालामुखीत तसा भूकंप होईलच असं नाही. इंडोनेशियात २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री 'अनक क्राकाटोआ' या ज्वालामुखीचा एक भाग समुद्रात कोसळला. मोठा भूकंप नाही, म्हणून इशाराही नाही. चारशेहून अधिक माणसं गेली. याच जागी १८८३ मध्ये क्राकाटोआ फुटला होता, तेव्हा ३६ हजारांहून अधिक बळी गेले, त्यातले बहुतेक त्सुनामीनं.

आपल्याला किती धोका?

घाबरायचं कारण नाही, पण बेफिकीर राहण्यासारखंही नाही. आपल्या देशातला जिवंत ज्वालामुखी म्हणजे अंदमानातलं बॅरन बेट. आपल्या किनाऱ्याला जास्त भीती भूकंपाच्या त्सुनामीची. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळच्या भूकंपानं आलेल्या लाटांनी भारतात दहा हजारांहून अधिक जीव घेतले. अरबी समुद्रही अगदी सुरक्षित नाही. २८ नोव्हेंबर १९४५ ला आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला, तेव्हा लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि माणसं वाहून गेल्याच्या नोंदी आहेत.

२००४ नंतर हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेत त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र २००७ मध्ये सुरू झालं. समुद्रातल्या यंत्रांवरून पाण्याची पातळी तिथं चोवीस तास बघितली जाते.

आपलं गाव समुद्रापासून लांब असलं तरी सुट्टीत अलिबाग, गणपतीपुळे, तारकर्ली, गोवा सगळेच जातात. आपली पोरं मुंबईत कामाला आहेत. म्हणून एवढं ध्यानात ठेवा:

• किनाऱ्यावर असताना भूकंपाचा मोठा धक्का बसला, समुद्र अचानक आत ओढला गेला किंवा समुद्राकडून मोठी गर्जना आली, तर इशाऱ्याची वाट बघू नका. लगेच उंच जागी किंवा आत जमिनीकडे निघा.

• ओसरलेल्या पाण्यात शिंपले, मासे गोळा करायला किंवा व्हिडिओ काढायला थांबू नका. तेच पाणी परत येतं.

• एक लाट येऊन गेली म्हणून माघारी फिरू नका. प्रशासन सांगेपर्यंत वरच थांबा.

• २०२३ मध्ये अनेकांच्या मोबाइलवर अचानक जोरात आवाज होऊन सरकारी मेसेज आला होता. ती आपत्कालीन इशाऱ्याची चाचणी होती. फोनच्या सेटिंगमधला हा इशारा बंद केला असेल तर परत चालू करा.

• व्हॉट्सअ‍ॅपवर लाटेचा व्हिडिओ आला तर आधी तारीख आणि जागा बघा. २००४ चे आणि जपानच्या २०११ च्या त्सुनामीचे जुने व्हिडिओ नवे म्हणून फिरतात. इन्कॉइस किंवा जिल्हा प्रशासनानं सांगितलं असेल तरच पुढं पाठवा.

पेरूच्या किनाऱ्यावर बारा तासांहून जास्त वेळ हातात होता, पण तो लोकांपर्यंत पोचलाच नाही. टोंगात वेळ मिनिटांचाच होता, तरी लोक धावले. समुद्रावर सहलीला निघालेल्या शाळेच्या मास्तरांना आणि घरच्या पोरांना या पाच गोष्टी निघण्याआधी नक्की सांगा.