महिनाअखेरची परीक्षा

भिंतभर आरसा, स्टँडवर कॅमेरा, टेबलामागे चार-पाच माणसं. खोलीच्या मधोमध पंधरा वर्षांची एक मुलगी, छातीवर नावाची पट्टी. गाणं सुरू होतं, दोन-तीन मिनिटांत संपतं. टाळ्या नाहीत. टेबलामागे कागदावर पेन चालल्याचा तेवढा आवाज. मग पुढचं नाव. सोलमधल्या मनोरंजन कंपन्यांत महिना सरताना हे घडतं. कोरियनमध्ये याला ‘वोलमाल-प्योंगा’ म्हणतात, म्हणजे महिनाअखेरचं मूल्यमापन. के-पॉपचे, म्हणजे कोरियन पॉप संगीताचे, तारे याच खोलीतून निघतात. सामान बांधून घरी जाणारे अर्थातच कितीतरी जास्त.

अशा उमेदवाराला तिथे ‘योनसुपसेंग’ म्हणतात. आपल्याकडची के-पॉपवेडी पोरं सरळ ‘ट्रेनी’ म्हणतात. ही पद्धत बसवण्याचं श्रेय मुख्यतः ली सू-मान यांचं. स्वतः गायक, पण कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकायला कॅलिफोर्नियात गेले, तेव्हा तिथे एमटीव्हीचा बहर होता. परतल्यावर त्यांनी एसएम एंटरटेनमेंट उभी केली आणि १९९६ साली एच.ओ.टी. हा पाच मुलांचा गट मंचावर आणला. मग आली गायिका बोआ. ऑडिशनला ती भावाच्या सोबतीला गेली होती. निवड झाली तिची. २००० साली पदार्पण केलं तेव्हा ती १३ वर्षांची होती आणि जपानीचे धडेही गिरवत होती, कारण कंपनीचा डोळा जपानच्या बाजारावर होता.

दिवसभर शाळा, मग रात्री उशिरापर्यंत गाणं, नाच, भाषा, कॅमेऱ्यासमोर वावरणं. वजनकाट्याचा धाक असतो, प्रेमप्रकरणांना बंदी असते, कित्येक ठिकाणी फोनही काढून घेतात. ब्लॅकपिंक गटातल्या मुलींनी दिवसाला १४ तास सराव आणि दोन आठवड्यांतून एकदा सुट्टी, असा हिशेब सांगितला आहे.

कष्टांचं आपल्याला नवल वाटू नये. पहाटे उठून खर्ज लावणाऱ्यांच्या गोष्टी ऐकतच आपण वाढलो. पण आपल्याकडचा गुरू शिष्याला दर महिन्याला ‘राहतोस की जातोस’ असं विचारत नव्हता. या मुलांना घामापेक्षा जास्त जाचतं ते ‘डेब्यू’ची, म्हणजे पदार्पणाची, तारीख ठाऊक नसणं. ट्वाइस गटातली जिह्यो २००५ साली, आठ वर्षांची असताना जेवायपी कंपनीत आली आणि १० वर्षं थांबली. शाळा संपत आली, बरोबरीच्या मुली गट काढून पुढे गेल्या, ही आरशासमोरच. अखेर २०१५ साली ‘सिक्स्टीन’ नावाच्या टीव्ही स्पर्धेतून तिचा नंबर लागला.

अशा स्पर्धा म्हणजे महिनाअखेरची परीक्षा प्रेक्षकांसमोर मांडणं. ‘प्रोड्यूस १०१’ने २०१६ साली १०१ ट्रेनी उभे केले आणि मत द्या म्हणून लोकांना सांगितलं. २०१९ साली उघड झालं की मतांचे आकडेच फिरवले जात होते. निर्माता-दिग्दर्शक आन जून-यंग यांना दोन वर्षांची कैद झाली. ती कायम करताना, नोव्हेंबर २०२० मध्ये, सोलच्या उच्च न्यायालयाने अन्याय झालेल्या १२ स्पर्धकांची नावं भर न्यायालयात वाचून दाखवली. आपण हरलो नव्हतो, एवढं त्या मुलांना कळलं. मला या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत माणुसकीची गोष्ट वाटते.

आता पैशांचं. शिकवणीचा खर्च कंपनी करते आणि बऱ्याच ठिकाणी पदार्पणानंतरच्या कमाईतून आधी तो वळता करून घेते. ‘तोंग बांग शिन गी’ गटातल्या तिघांनी २००९ साली एसएमच्या १३ वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात धाव घेतली. त्याच वर्षी सरकारच्या व्यापार आयोगाने सात वर्षांचा नमुना करार आणला. तो पदार्पण केलेल्यांसाठी होता. ट्रेनींच्या करारांकडे आयोगाचं लक्ष २०१७ साली गेलं. मधेच सोडून जाणाऱ्याकडून खर्चाच्या दुप्पट-तिप्पट रक्कम मागण्याची कलमं त्यांत सापडली. कंपन्यांना ती बदलावी लागली.

ओडिशाची श्रेया लेंका २०२२ साली ‘ब्लॅकस्वान’ गटात निवडली गेली आणि भारतातल्या मुलींना हा रस्ता खरा वाटू लागला. बीटीएस गटाची कंपनी हाइब हिने २०२५ साली मुंबईत आपली शाखा काढली. तेव्हा सोलची ही खोली आता आपल्यापासून फार लांब नाही. घरातल्या मुलीने ऑडिशनचा हट्ट धरला, तर तिला जरूर घेऊन जा. फक्त सही करण्याआधी कराराचं शेवटचं पान, मधेच सोडल्यास काय ते सांगणारं, दोनदा वाचा.