चाळीस घोडे कुठे गेले?

भिवंडीत 'एक्स्पोर्ट' हा व्यापार नव्हे, दर्जा आहे. एक्स्पोर्टचा ताका, एक्स्पोर्टचे सूत. इतकेच काय, लग्नाच्या आहेरातले टॉवेलसुद्धा 'एक्स्पोर्टचे' असले तर देणाऱ्याची मान ताठ. त्याच मागावर, त्याच कामगाराच्या हातून निघालेल्या कापडाचे इथे दोन वर्ग पडतात. एक वर्ग गाठींत बांधला जाऊन बंदराकडे जातो. दुसरा, कुठे धागा तुटलेला, कुठे पट्टी उमटलेली, तो 'सेकंड' म्हणून गावच्या बाजारात येतो. बँकेच्या नोकरीत या गावाच्या शाखेत मी बरीच वर्षे काढली. कापडाचे हे वर्गीकरण इतके अंगवळणी पडले होते की, २०११ साली एका मोटारकर्जाच्या अर्जावरून ते पुन्हा समोर येईल असे मनातही नव्हते.

अर्जदार पंचविशीतला मुलगा. वडिलांचे यंत्रमाग होते, पुढे त्यांनी मानकोलीच्या बाजूला गोदामे बांधली. मुलाला हवी होती स्कोडा लॉरा आर. एस. कोटेशनबरोबर त्याने एक कागद माझ्यासमोर सरकवला. युरोपातल्या त्याच गाडीची माहिती त्याने छापून आणली होती.

"साहेब, हे बघा. तिकडे दोनशे हॉर्सपॉवर. आणि आपल्याकडच्या पत्रकात एकशे साठ. नाव तेच, बिल्लाही तोच. मग चाळीस घोडे कुठे गेले?"

"कस्टममध्ये अडकले असतील," वडील म्हणाले. मग हसू आवरून ते माझ्याकडे वळले. "मॅनेजरसाहेब, आयुष्यभर एक्स्पोर्टचा माल विणला आणि अंगात सेकंडचा शर्ट घातला. आता पोरानं पण सेकंडचीच गाडी घ्यायची का, एवढं सांगा."

कर्ज मंजूर करायला मला घोडे मोजायचे नव्हते, परतफेडीची ऐपत मोजायची होती. ती भक्कम होती. कर्ज दिले, गाडी आली. पण शेठचा प्रश्न माझ्या टेबलावर राहून गेला तो गेलाच. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मी त्याच्या मागे लागलो.

सुरुवात 'टर्बो' या शब्दापासून करायला हवी. भिवंडीकराने तो मोटारीवर नव्हे, ट्रकवर वाचला. टाटांच्या '१६१३ टी. सी.'मधली ती टी. सी. म्हणजे टर्बोचार्जरच. एरवी धुराड्यातून वाया जाणारा वायू एका चाकावर सोडायचा, त्या चाकाने दुसरे चाक फिरवायचे आणि दुसऱ्याने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. हवा जास्त म्हणून इंधन जास्त जळते, म्हणून जोर जास्त. ही चाके मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअराने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. भरलेला ट्रक कसारा घाट चढताना जी शिट्टी ऐकू येते, ती याच चाकाची.

मग हे ट्रकचे हत्यार चार दारांच्या, बायकामुलांना घेऊन जायच्या मोटारीत कसे शिरले? रॅलीमुळे. रॅली म्हणजे गोल ट्रॅकवरची शर्यत नव्हे. ती माती, बर्फ, जंगल आणि डोंगरवाटांवरून घड्याळाशी लावलेली धाव. १९८० साली ऑडीने 'क्वाट्रो' आणली. टर्बो इंजिन आणि चारही चाकांना ताकद अशी ती जोडी होती, आणि रॅलीचा नूरच पालटला. पुढे गाड्या इतक्या बेफाम झाल्या की, १९८६ मध्ये पोर्तुगालमध्ये प्रेक्षक आणि कॉर्सिकात हेन्री टोइव्होनेन व त्याचा सहचालक प्राणास मुकले. त्या वर्षाअखेर तो वर्ग बंद झाला आणि नवा नियम आला. रॅलीत जी गाडी उतरवायची, तशीच काही हजारांच्या संख्येने बनवून सामान्य गिऱ्हाइकाला विकली पाहिजे. आधी हा आकडा ५००० होता, पुढे २५०० झाला.

बँकेत जन्म गेलेल्या माणसाला हा भाग फार आवडतो. एका परिपत्रकाने मोटारींची एक अख्खी जात जन्माला घातली. १९९२ साली मित्सुबिशीने लान्सर इव्होल्यूशन काढली ती या अटीपायी. सुबारूची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स त्याच वर्षीची. बाहेरून पाहाल तर शाळेच्या फाटकाशी उभी असलेली साधी सेडान. बॉनेटवरचे हवेचे भोक आणि मागचा पंख सोडला तर काही वेगळे नाही. कॉलिन मॅक्रेने १९९५ मध्ये सुबारूवर जगज्जेतेपद मिळवले आणि टॉमी मॅकिनेनने १९९६ ते १९९९ अशी सलग चार वर्षे लान्सरवर.

आणि इथेच शेठच्या प्रश्नाचा पहिला धागा सापडतो. ही गाडी सगळ्या जगाला सारखी मिळाली असे कधीच झाले नाही. जपानात सगळ्या कंपन्यांनी आपसांत ठरवले होते की २८० अश्वशक्तीच्या वर जाहीर करायचे नाही. हा अलिखित करार २००४ पर्यंत पाळला गेला, निदान कागदावर. त्याच इव्होल्यूशनच्या ब्रिटनमधल्या आवृत्त्यांनी तीनशेच्या वर उघड मजल मारली. अमेरिकेला ती २००३ पर्यंत मिळालीच नाही; तिथली पोरे व्हिडिओ गेममध्ये ती चालवून समाधान मानीत. अमेरिकेला मिळालेल्या सुबारू एसटीआयमध्ये अडीच लिटरचे इंजिन होते आणि जपानच्या एसटीआयमध्ये दोन लिटरचे. इटलीत दोन लिटरच्या वरच्या इंजिनावर कराचा बोजा इतका जबर होता की, फेरारीनेही तिथल्यापुरती दोन लिटरची टर्बो गाडी बनवली. म्हणजे 'ही गाडी अशीच असते' असे म्हणायची सोय नाही. आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी रीड-पीक बदलते, तसेच हे.

आता आपल्याकडे वळू. स्कोडाचा कारखाना औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्र्याला २००१ साली सुरू झाला. त्याच ऑक्टाव्हियाचे रॅलीतले भावंड १९९९ पासून जागतिक स्पर्धेत धावत होते आणि २००१ मध्ये आफ्रिकेतल्या सफारी रॅलीत आर्मिन श्वार्त्झने त्याला तिसरे आणले होते. 'आर. एस.' म्हणजे रॅली स्पोर्ट. घरगुती आर. एस. मात्र पुढच्या दोनच चाकांवर चालणारी होती. रॅलीच्या गाडीची सख्खी बहीण नव्हे, चुलत म्हणा. ब्रिटनमध्ये हिलाच 'व्ही. आर. एस.' म्हणत. २००४ साली ती भारतात आली तेव्हा ते नाव ऐकून आमच्या पिढीचे बँकवाले दचकले असणार. तीनच वर्षांपूर्वी सरकारी बँकांतून हजारो माणसे व्ही. आर. एस. घेऊन घरी बसली होती, आणि ती गाडी नक्कीच वेगाची नव्हती.

युरोपातल्या त्या आर. एस.मध्ये १८० अश्वशक्ती होती. आपल्या वाट्याला १५० आली. २०११ ला लॉरा आर. एस. आली तेव्हा तिकडे २०० आणि इकडे १६०. (लॉरा म्हणजे दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हियाच. पहिली इथे अजून विकली जात होती, म्हणून दुसरीचे बारसे वेगळे केले.) इंजिनही वेगळे: त्यांचे दोन लिटरचे, आपले १.८ लिटरचे. म्हणजे घोडे कस्टममध्ये अडकले नव्हते. ते निघालेच नव्हते.

का? एक उत्तर पेट्रोलच्या पंपावर आहे. टर्बो हवा दाबते, आणि दाबलेल्या हवेत हलके पेट्रोल ज्योत पोचायच्या आधीच आपोआप भडकते; इंजिन आतून ठोके देऊ लागते. हे टाळायचे तर वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल हवे. शिसेमुक्त पेट्रोल आपल्याकडे देशभर मिळू लागले तेच २००० साली. २००४ च्या सुमारास गावोगावच्या साध्या पेट्रोलचे ऑक्टेन ८८ होते, पुढे ते ९१ झाले. युरोपात साधे पेट्रोल ९५ चे, महाग ९८ चे. दिल्ली-मुंबईत बरे पेट्रोल मिळाले तरी गाडी उद्या जालन्याच्या पंपावर उभी राहणार, हे बनवणाऱ्याला धरून चालावे लागते.

दुसरे उत्तर आपल्या घरात आहे. गाडी दाखवायला आणली की पेढा हातात घेऊन सासऱ्यापासून वॉचमनपर्यंत प्रत्येकजण एकच विचारतो, "अ‍ॅव्हरेज किती देते?" घोडे किती, हे कोणी विचारत नाही. चार पोरे विचारतात, पण सही बापाची असते.

तिसरे उत्तर कराचे, आणि मला वाटते सगळ्यांत वजनदार. २००६ च्या अंदाजपत्रकाने छोट्या गाडीची व्याख्या केली: चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन १२०० सी.सी.पर्यंत. जी मावली तिला कर कमी. सप्टेंबर २०२५ पासून मावणारीला १८ टक्के जीएसटी, न मावणारीला ४०. इटलीच्या कराने फेरारी आखूड इंजिनाची केली, आपल्या कराने अनेक सेडानच्या डिक्क्या कापल्या. टाटांनी २०१८ मध्ये या चौकटीत बसणारी टर्बो सेडान करूनही पाहिली. टिगोर जेटीपी, १.२ लिटर, साडेसात लाखांच्या आसपास. माझ्या मते तो या सगळ्या कहाणीतला सर्वांत प्रामाणिक प्रयत्न होता: आपल्या रस्त्याची, आपल्या खिशाची गाडी, आणि दुसऱ्या कोणाच्या नावाची उसनवारी नाही. दोनेक वर्षांत ती बंद झाली. 

अस्सल इव्होल्यूशन मात्र एकदा भारतात येऊन गेली. २०१० मध्ये, तयार गाडी म्हणून, पन्नास लाखांच्या आसपास किमतीला. जपानात त्या वेळी ती आपल्या वीस लाखांच्या आसपास मिळे. मधले पैसे आयातशुल्काचे, जहाजाचे आणि हौसेचे. सुबारूने तर इथे स्वतःचे दुकानच कधी थाटले नाही.

शेठच्या 'सेकंड' या शब्दाशी मी पूर्ण सहमत नाही. लुंगीचे कापड शर्टाच्या कापडापेक्षा हलके विणतात म्हणून ते सेकंड होत नाही. ज्या अंगासाठी विणले त्याला ते बरोबर असते. ८८ ऑक्टेनच्या देशात १५० अश्वशक्तीची गाडी देण्यात लबाडी नव्हती. खटकते ते बिल्ल्याचे. हलक्या विणीच्या ताक्यावर भारी विणीचा शिक्का मारला तर आमच्या बाजारात व्यापारी दुसऱ्या दिवशी माल परत आणून टाकतो.

पुढे एकदा दोन्ही गोष्टी जमून आल्या. २०१७ च्या आर. एस.मध्ये २३० अश्वशक्ती होती, युरोपात होती तेवढीच. गाडीचे भाग पेट्यांतून आले, जोडणी शेंद्र्याला झाली आणि किंमत साडेचोवीस लाख. पहिला माल हातोहात गेला. मराठवाड्यातल्या हातांनी जोडलेली, पूर्ण ताकदीची. ती वर्षे मला मोटारीच्या हिशेबात सुवर्णकाळ वाटतात, जरी तो फार टिकला नाही.

कारण २०१८ मध्ये केंद्र सरकारने नवी सवलत दिली. परदेशात मान्यता मिळालेल्या गाड्या वर्षाला २५०० पर्यंत इथे पुन्हा सगळ्या चाचण्या न करता आणता येतील. आकडा पाहा, २५००! ज्या आकड्याने जपानात रॅलीच्या गाड्या कारखान्याबाहेर ओढल्या, त्याच आकड्याने इथे त्या जोडणीच्या शेडबाहेर ढकलल्या. २०२० मध्ये आलेल्या २०० आर. एस. तयार आयात झाल्या, किंमत ३६ लाखांच्या घरात. ऑक्टोबर २०२५ मध्ये १०० आल्या, २६५ अश्वशक्तीच्या, हजार रुपये कमी पन्नास लाख म्हणावे अशा ४९.९९ लाखांना. शंभरच्या शंभर बुक झाल्या. एकही घोडा कमी नाही, आणि एकही बोल्ट इथे आवळलेला नाही.

ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी २०२४ पासून स्लाव्हियाची 'माँटे कार्लो' आवृत्ती आहे. रॅलीतल्या सर्वांत मानाच्या वाटेचे नाव, काळे आरसे, काळा बिल्ला, आतला लाल रंग. इंजिन बाकीच्या स्लाव्हियाचेच. आता गंमत पाहा: १.५ लिटरच्या स्लाव्हियात आज १५० अश्वशक्ती असते, म्हणजे २००४ च्या आर. एस.इतकीच. ती बनते चाकणला. तिथेच बनणारी तिची जुळी बहीण फोक्सवागन व्हर्चस २०२२ पासून जहाजात चढून मेक्सिकोला जाऊ लागली, स्टिअरिंग डावीकडे करून. तिला भिवंडीत काय म्हणतील, ते सांगायला नको.

जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा खुला झाला आणि आमच्या तालुक्यातले आमणे हे गाव त्याचे टोक बनले. पलीकडे हाच रस्ता नागपूरला जाताना संभाजीनगरच्या बाजूने जातो. मोटारींना वेगमर्यादा ताशी १२०. ही मर्यादा २००४ ची १५० घोड्यांची गाडीही आरामात ओलांडते. २६५ वाली तर दुसऱ्या गिअरच्या थोडे पुढे गेली की ओलांडते. आमण्यापर्यंत पोचायला मात्र भिवंडीच्या खड्ड्यांतून यावे लागते, आणि तिथे सगळेच घोडे सारखे. शेंद्र्याच्या कारखान्यात २०२३ पासून ऑक्टाव्हिया जोडली जात नाही. तिथे कोडिअ‍ॅक जोडतात आणि ऑडीच्या गाड्या जोडतात. त्यांतल्या काहींच्या पाठीवर अजून बारीक अक्षरांत 'क्वाट्रो' लिहिलेले असते.