हत्तीरोग निर्मूलन : वगळलेल्या स्त्रियांपर्यंत औषध केव्हा पोहोचणार?

नवी दिल्ली : हत्तीरोग निर्मूलनाच्या सामुदायिक औषधोपचार मोहिमेत आशा स्वयंसेविका घरोघरी जाऊन आपल्यासमोरच गोळ्या घ्यायला लावतात. दोन वर्षांखालील बालके, गंभीर आजारी व्यक्ती आणि गर्भवती यांना मात्र ही औषधे दिली जात नाहीत. गर्भाच्या सुरक्षिततेसाठी ही खबरदारी योग्यच आहे. परंतु स्त्री प्रसूत होईपर्यंत मोहिमेची मुदत संपलेली असते.

क्युलेक्स डासांमुळे पसरणाऱ्या या रोगाचे प्रौढ कृमी मानवी शरीरात सहा ते आठ वर्षे जगतात. औषधांमुळे प्रामुख्याने रक्तातील सूक्ष्म कृमी नष्ट होतात आणि प्रसाराची साखळी तुटते. त्यामुळेच निरोगी दिसणाऱ्या व्यक्तीनेही गोळ्या घेणे आवश्यक ठरते.

देशात २००७ पासून डीईसी आणि अल्बेंडाझोल ही दोन औषधे देण्यात येऊ लागली. या पद्धतीत किमान पाच वार्षिक फेऱ्या अपेक्षित असतात. पुढे नागपूर, बिहारमधील अरवल आदी जिल्ह्यांपासून आयव्हरमेक्टिनसह तीन औषधांचा वापर सुरू झाला. या पद्धतीत प्रभावीपणे राबविलेल्या दोन फेऱ्याही पुरेशा ठरू शकतात. पाचपैकी एक फेरी चुकणे आणि दोनपैकी एक चुकणे यांत मोठा फरक आहे. उपचाराचा कालावधी घटला, तशी गर्भवतीच्या वाट्याला येणारी संधीही घटली.

आकडेवारीत ही उणीव सहज लपते. पात्र लोकसंख्येच्या आधारे टक्केवारी काढताना गर्भवती आधीच हिशेबाबाहेर राहतात. जागतिक आरोग्य संघटनेचा किमान ६५ टक्क्यांचा निकष एकूण लोकसंख्येला लागू आहे. तो पूर्ण झाला तरी उरलेल्यांत स्त्रिया किती, हे स्वतंत्र नोंदीशिवाय कळत नाही.

घरातील परिस्थितीही अडथळा ठरू शकते. सासरच्या मंडळींसमोर गर्भधारणेविषयी विचारले असता नवविवाहितेला उत्तर देणे अवघड जाते. गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नसतात. सर्वांच्या शेवटी जेवणारी गृहिणी सकाळच्या भेटीच्या वेळी बहुधा उपाशीच असते. दुसरीकडे, कामासाठी बाहेर गेलेले पुरुषही निसटतात. म्हणून समन्यायी मोहीम म्हणजे केवळ स्त्रियांसाठी सवलत नव्हे, तर ज्याच्या त्याच्या सोयीच्या वेळी पुन्हा दार ठोठावणे होय.

वगळण्याचे नियम कायमचे नसतात. आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या शिस्टोसोमियासिसवरील प्राझिक्वांटेलबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००२ मध्ये गर्भवती आणि स्तनदा मातांनाही औषध देण्याची शिफारस केली. हत्तीरोगाच्या औषधांबाबत गर्भवतींना वगळण्याचा नियम कायम असला, तरी तीन औषधांच्या पद्धतीत स्तनदा मातांवरील निर्बंध प्रसूतीनंतरच्या पहिल्या आठवड्यापुरताच आहे.

गर्भवतींची नोंद आशा स्वयंसेविकांकडे आधीपासूनच असते. त्याच नोंदीच्या आधारे वगळलेल्या स्त्रियांची यादी करून प्रसूतीनंतर त्यांना औषध देता येईल. त्यासाठी मोहीम संपल्यावरही आरोग्य केंद्रात गोळ्यांचा साठा हवा आणि अहवालात स्त्री-पुरुषांचे स्वतंत्र रकाने हवेत. भारताने हत्तीरोग निर्मूलनासाठी २०२७ हे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठताना किती गोळ्या वाटल्या याइतकेच, त्या कोणाला मिळाल्या नाहीत, हेही मोजावे लागेल.