वळीव आणि संगणकाचे जाळे

वळिवाच्या सरीत बैलाचे एक शिंग भिजते आणि दुसरे कोरडे राहते, असे शेतकरी म्हणतात. अतिशयोक्ती खरीच, परंतु हवामानाचा अंदाज वर्तविणाऱ्या संगणकाची मुख्य अडचण या उक्तीत नेमकी सापडते, असे आम्हांस वाटते.

संगणक वातावरणाकडे सलग पाहत नाही. पृथ्वीवर तो एक काल्पनिक जाळे पसरतो आणि त्यातील प्रत्येक घरासाठी तापमान, दाब, वारा, बाष्प यांचा एकेकच आकडा धरतो. रांगोळीचे ठिपके जितके दूर, तितकी नक्षी ढोबळ, तसेच हे. १९२२ साली लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने हातांनी केलेले असे गणित प्रसिद्ध केले, त्यात घर सुमारे २०० किलोमीटरचे होते. १९५० साली अमेरिकेत ‘एनियाक’ संगणकावर पहिले अंदाज काढले गेले, तेव्हा ठिपक्यांतील अंतर ७३६ किलोमीटर होते, आणि चोवीस तासांच्या अंदाजाला जवळजवळ चोवीस तासच लागले! १९९० च्या दशकात आपल्या राष्ट्रीय मध्यमावधी हवामान अंदाज केंद्रातील प्रारूपाचे घर सुमारे १५० किलोमीटरचे होते.

एवढ्या घरात काय काय मावते ते पाहा. बेळगाव आणि आंबोली यांत हवाई अंतर पन्नास-साठ किलोमीटर. पाऊस मात्र आंबोलीस चौपटीहून अधिक. अशा प्रारूपात दोन्ही गावे एकाच घरात बसत, आणि सह्याद्रीचा उभा कडा सरासरीत घासून बुटका उतार होई. डोंगरच नाही, तर घाटमाथ्याचा पाऊस कोठून येणार?

२६ जुलै २००५ च्या सकाळपासून चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. सुमारे २५ किलोमीटरवरील कुलाब्यास अवघा ७३. त्या दिवशी शेकडो माणसे दगावली. आता साधा हिशेब करू. ५०० चौरस किलोमीटरांवर ९०० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि उरलेला मुलूख कोरडा राहिला असे समजा. १५० किलोमीटर बाजूच्या घरात त्याची सरासरी भरते २० मिलिमीटर. आभाळ फाटले, आणि कागदावर मात्र छत्री घेऊन बाहेर पडण्याजोगा पाऊस! पुढे संशोधकांनी त्याच दिवसाचे गणित बारीक जाळ्यावर पुन्हा मांडले, तेव्हा अतिवृष्टी उमटली. परंतु जागा, वेळ आणि आकडा यांत फरक राहिलाच.

गडगडाटी ढगाचा एकेक स्तंभ काही किलोमीटरच रुंद असतो, आणि तासाभरात विरूनही जातो. मोठ्या घरात तो दिसतच नाही. म्हणून शास्त्रज्ञ ‘या घरात हवा इतकी अस्थिर असेल, तर इतका पाऊस धरावा’ असे ठोकताळ्याचे नियम घालतात. त्याचा परिणाम चमत्कारिक होतो. रिमझिम पाऊस वाजवीपेक्षा जास्त दिवस पडतो, मुसळधार कमी पडतो, आणि संध्याकाळचा वळीव संगणकात भर दुपारीच उरकतो. घर चारएक किलोमीटरहून लहान झाले, की ढग स्वतःच उभा राहू लागतो आणि तो ठोकताळा बाजूला ठेवता येतो.

मग घरे लहान का करू नयेत? बाजू निम्मी केली, की घरे चौपट होतात. शिवाय वेळेची पावलेही निम्मी टाकावी लागतात, म्हणजे काम आठपट. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ २६ मे २०२५ रोजी सुरू झाली. तिने १२ किलोमीटरांवरून ६ वर मजल मारली, तीही ‘अर्का’ हा महासंगणक हाताशी आल्यावर.

सहा किलोमीटर म्हणजे सारे साधले, असे मात्र आम्ही मानत नाही. चांगली आकृती उमटण्यास पाच-सात घरे तरी लागतात. शिवाय बारीक जाळ्यातले वादळ वीस किलोमीटर सरकले, तर अंदाज दोनदा चुकतो: जेथे सांगितले तेथे पाऊस नाही, आणि जेथे पडला तेथे सांगितलेला नव्हता. ढोबळ जाळे त्या मानाने सुटते. ते ठामपणे काही बोलतच नाही! आरंभीच्या बाष्पातील लहानशी चूकही वळिवाच्या बाबतीत काही तासांतच पसरते.

म्हणूनच वेधशाळेचे ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द काही पळवाट नव्हेत. त्या विभागातील फार तर चतुर्थांश केंद्रांवर पाऊस, असा त्यांचा ठरलेला अर्थ आहे. आपल्या गच्चीवरच्या पापडांचे काय, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी डॉप्लर रडारवर ढग प्रत्यक्ष दिसू लागल्यावर निघणारा पुढील तीन तासांचा इशारा पाहावा.