शेवटच्या ओळीचा दोष नव्हे

ऑस्ट्रेलियात संगणकशास्त्र शिकायला गेलेल्या आपल्या मुलामुलींना ‘सी’ भाषा भेटतेच. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात तर ती पहिल्या वर्षालाच असते. तेथेच प्रा. जॉन लायन्स यांनी १९७७ साली ‘सी’त लिहिलेल्या युनिक्सवर आपले भाष्य छापले होते.

नवशिक्याला छळतो तो महिरपी कंस. ‘सी’मध्ये प्रत्येक खंड या कंसाने उघडतो व मिटतो. समजा, विसाव्या ओळीच्या आसपास एक मिटवायचा राहिला. तर कंपायलर बोट ठेवतो बहुधा अगदी शेवटच्या ओळीवर! फाइल संपेपर्यंत तो बिचारा जोडीदाराची वाट पाहत असतो. विद्यार्थी घाईने तिथेच एक कंस चिकटवतो. कधी तक्रार थांबते, पण एकदाच व्हायचे काम आवर्तनात शिरते. उत्तर चुकते, गुण जातात. विद्यापीठातील अँड्र्यू टेलर यांचा ‘डीसीसी’ कंपायलर नवशिक्यांना सोप्या शब्दांत चूक सांगतो खरा. तरी कंस कोठे मिटायचा होता, हे त्यालाही कसे कळावे?

ते एडिटरला विचारावे. ‘व्हिम’मध्ये उघड्या कंसावर कर्सर ठेवून टक्क्याचे चिन्ह दाबले, की कर्सर जोडीच्या कंसावर उडी घेतो. उडी भलतीकडे गेली, तर चूक त्या दोहोंच्या मध्ये. मग लहान ‘जी’ दोनदा, बरोबरचे चिन्ह आणि मोठा ‘जी’ दाबावा. साऱ्या ओळींचा समास नव्याने लागतो. जेथून ओळी उगाच उजवीकडे सरकतात, त्याच्या जरा वर हरवलेल्या कंसाची जागा सापडते.

आमच्या मते त्याहून बरे म्हणजे, कंस उघडताच मिटणारा आधी टंकावा. मधला मजकूर मागाहून.