दारातल्या काँक्रीटला गुळगुळीत घोटाई नको

रस्त्यापासून घरापर्यंत काँक्रीट करायला घेतलं, की गवंडी विचारतो, "निरू मारून चकचकीत घोटून देऊ का?" नको म्हणा. घोटलेली जमीन स्वयंपाकघरात शोभते. दारात पाऊस, शेण, चिखल असतोच. त्यावर पत्री मारलेल्या बैलाचा पाय ठरत नाही. मागचे पाय फाकून बैल बसला, तर ऐन पेरणीत जू रिकामं. गाभण गाय पडली तर विचारूच नका.

त्यापेक्षा खराट्याच्या रेघा बऱ्या. खर्चही जादा नाही. सिमेंट १, वाळू २, खडी ४ असा माल फळीने सारखा करून लाकडी रंध्याने दाबावा. वर आलेलं पाणी जाऊन चमक मावळली, की ताठ खराटा चालण्याच्या वाटेला आडवा ओढावा. घाई केली तर रेघा मिटतात, उशीर झाला तर उमटत नाहीत. रेघ बाजरीच्या दाण्याइतकी खोल पुरे. जास्त खोल झाली की शेण अडकून बसतं. पाणी लवकर सुकावं म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरू देऊ नका, पुढे पापुद्रे सुटतात.

उतार घराकडून बाहेर, १० फुटांस २ इंच ठेवावा. दुसऱ्या दिवसापासून निदान १० दिवस ओली पोती टाकावीत. भरलेली ट्रॉली २८ दिवस आत घेऊ नये.

आधीच घोटून बसला असाल तर फोडाफोडी नको. जात्याला टाकी लावतात, तशी जनावरांच्या वाटेपुरती छिन्नीने टाकी लावून घ्यावी.